मुक्काम, शिधा, दक्षिणा

नाशिकला सुट्टीसाठी येणारी पुष्कळ कुटुंबं हल्ली गावात शिरतच नाहीत. मुंबईहून महामार्गाने येतात, गंगापूर धरणाच्या अंगाला किंवा त्र्यंबक रस्त्याला वळतात आणि रिसॉर्टच्या फाटकातून आत जातात. खोली, तिन्ही जेवणं, पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ, रात्री शेकोटीभोवती गाणी, सगळं मिळून एकच रक्कम. दोन दिवसांनी त्याच रस्त्याने परत. मी जन्मापासून पंचवटीतली, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, म्हणून ओळखीपाळखीचे लोक येण्याआधी मला फोन करतात आणि विचारतात, "एवढे पैसे मोजून सगळं एकाच ठिकाणी घेणं परवडतं का हो?"

या प्रश्नाचं उत्तर मी नाशिकच्या जुन्या दिवसांत शोधते. राहणं, जेवण आणि ज्या कामासाठी आलो ते काम, हे सगळं एकाच दारात मिळण्याची व्यवस्था या गावाने पिढ्यान्‌पिढ्या चालवली. गावाचं पोटच तिच्यावर होतं. ती कशी चालायची, तिने कुणाचं भलं केलं आणि कुणाला दाराबाहेर ठेवलं, हे पाहिलं की रिसॉर्टचा हिशेबही नीट मांडता येतो.

माझं माहेर क्षेत्रोपाध्यांचं. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा होता. दिंडी दरवाजा, आत फरसबंद चौक, तीन बाजूंना ओसरी, वर माडी. माडी आणि ओसरी यजमानांची. यजमान म्हणजे बाहेरगावाहून येणारे यात्रेकरू. घरच्या माणसांनी उरल्या जागेत भागवायचं, हा आमच्याकडचा नियम. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे यात्रेकरू कुठल्या उपाध्यांकडे उतरणार हे पिढीजात ठरलेलं असे. नाशिकरोडच्या फलाटावर आजोबांचा माणूस उभा असायचा. त्याचे प्रश्न दोनच: "गाव कोणतं? आडनाव काय?" उत्तर मिळालं की यात्रेकरूंची बोचकी टांग्यात आणि टांगा पंचवटीच्या वाटेला.

हे सगळं एकत्र का बांधलं गेलं, याची कारणं साधी आहेत. तीर्थविधी म्हणजे नुसती नदीत बुडी मारणं नव्हे. क्षौर, स्नान, गंगापूजन, तीर्थश्राद्ध, कुणाच्या अस्थी आणल्या असतील तर त्यांचं विसर्जन, मग ब्राह्मणभोजन, मग काळाराम, कपालेश्वर, सुंदरनारायण यांचं दर्शन, सीतागुंफा, तपोवन, आणि सवड असेल तर त्र्यंबक. दोन-चार दिवस सहज जायचे. त्या काळी परगावी शिजवलेलं अन्न विकत घेऊन खाणं बहुतेक घरांना मान्य नव्हतं. श्राद्धाच्या दिवशी तर सोवळ्यातच रांधायला हवं. म्हणजे यात्रेकरूला नुसतं छप्पर पुरत नसे. चूल हवी, पाणी हवं, लाकूडफाटा हवा, विधी सांगणारा हवा आणि परक्या गावात ओळखीचं माणूस हवं. हे सगळं ज्याच्याकडे, त्याच्याच दारात लोक उतरत.

अठराव्या शतकात पेशव्यांच्या अमलाखाली ही व्यवस्था फोफावली. नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराचं देऊळ बांधायला घेतलं, नारोशंकर राजेबहादूर यांनी गोदाकाठी १७४७ साली आपलं देऊळ उभारलं, सरदार ओढेकरांनी काळारामाचं काळ्या पाषाणातलं मंदिर बांधलं, अहिल्याबाई होळकरांनी यात्रेकरूंच्या सोयी केल्या. सरदारांच्या दानावर अन्नछत्रं आणि सदावर्तं चालत. अन्नछत्रात शिजवलेलं अन्न मिळे, सदावर्तात कोरडा शिधा. आमच्याकडेही ज्यांना स्वतःच्या हातचंच खायचं असे त्यांना आजी सुपात शिधा मोजून देई: तांदूळ, तूरडाळ, गूळ, मीठ, मिरच्या, वाटीभर तूप. चौकाच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडलेलीच असे.

या व्यवहारात पैसे कधी दिले जात, ते बघण्यासारखं आहे. आलेल्या माणसाकडून उतरताना काही घेतलं जात नसे. आधी मुक्काम, आधी जेवण, आधी विधी, दक्षिणा निघताना. तीही जमेल तशी. सुगी चांगली झाली असेल तर रोख, नाहीतर पुढच्या खेपेला. कुणी धान्याचं पोतं पाठवी, कुणी गाय, एखादा संस्थानिक जमिनीचा तुकडा इनाम देई. तांदूळ-डाळ आजोबांनी आधीच उधारीवर भरलेलं असायचं. यात्रा कमी आली, दुष्काळ पडला, पटकी आली, तर झळ आधी उपाध्यांच्या घराला बसे. पाहुण्याने पुन्हा यावं, त्याच्या नातवाने यावं, यातच उपाध्यांचं हित होतं.

त्यासाठीच वह्या होत्या. आमच्या घरच्या वह्या लाल खारव्यात बांधलेल्या, लांबट, वरच्या बाजूने उलगडणाऱ्या. जुनी पानं मोडी लिपीत, बोरूने लिहिलेली. यात्रेकरू निघण्याआधी आजोबा वही उघडत, त्याच्या गावाचं पान काढत आणि मोठ्याने वाचून दाखवत: तुझा आजा अमुक साली आला होता, सोबत त्याचा भाऊ होता, आजीच्या अस्थी घेऊन आले होते. समोरचा माणूस मान खाली घालून ऐके. मग त्याने स्वतःच्या हाताने पुढची ओळ लिहायची: नाव, बापाचं नाव, भाऊ, मुलं, कशासाठी आलो, तिथी. शेवटी एक ठराविक वाक्य, की आमच्या वंशातला जो कुणी येईल त्याने याच उपाध्यांना मानावं. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा. मी मोडी शिकले ती या वह्या वाचण्यासाठी. काही पानांवर नुसती नावं आहेत, काहींवर एका घराची सगळी कर्मकथा. वारसाच्या वादात लोक या नोंदी पुरावा म्हणून शोधत येत. आजही गंगा गोदावरी पंचकोटी पुरोहित संघाच्या मंडळींकडे अशा वह्यांचे गठ्ठे आहेत आणि परदेशात स्थायिक झालेली मुलं त्यांत आपलं खापरपणजोबांपर्यंतचं घराणं शोधायला येतात.

पण व्यवस्थेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती आमच्याच घराची आहे. दक्षिणा ठरलेली नसल्यामुळे निघतानाची घासाघीस अनेकदा कडवट व्हायची. पिंडदान झालेला, मुंडण केलेला, वडिलांच्या मृत्यूने हललेला माणूस समोर बसलेला असताना "एवढ्यावर कसं चालेल?" म्हणणं बरं नव्हे. पण ते म्हटलं जाई, गावातल्या बहुतेक घरांत म्हटलं जाई. गरीब यात्रेकरूंनी गाडीभाड्यापुरतेच पैसे ठेवून उरलेले कनवटीचे सोडून दिलेले आहेत. ठरलेल्या किमतीत जो निवांतपणा असतो, तो त्या माणसांच्या वाट्याला आला नाही.

आणि त्याहून मोठा दोष हा, की सगळं मिळण्याच्या या दारात सगळ्यांना प्रवेश नव्हता. आमच्या ओसरीवर कोण उतरेल हे जात ठरवायची. ज्यांना गावाने अस्पृश्य ठरवलं त्यांना वाडा नाही, रामकुंडात स्नान नाही, काळारामाचं दर्शन नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष त्यात उतरले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुढे पाच वर्षं लढा चालला आणि मंदिराचं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकच्या पाहुणचाराचं कौतुक करताना हा इतिहास वगळणाऱ्याने अर्धंच नाशिक पाहिलं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले. त्या काळात वेगळी वाट दाखवली ती गाडगे महाराजांनी. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या, कुणाचीही जात न विचारता राहता येईल अशा. गोदाकाठची त्यांची धर्मशाळा माझ्या लहानपणी यात्रेच्या दिवसांत फुलून गेलेली असे.

यात्रेची रीत मात्र त्याच्या बरीच आधी बदलू लागली होती. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे धावू लागली आणि मुंबईहून नाशिक एका दिवसाच्या टप्प्यात आलं. स्टेशन गावापासून लांब पडलं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. रेल्वेबरोबर दुसऱ्या तऱ्हेची यात्रा आली. इंग्लंडात १८४१ साली थॉमस कुकने लेस्टरहून लाफबरोला एका शिलिंगात माणसं नेऊन आणली, तिथपासून ठरलेल्या किमतीच्या सहलीचा धंदा वाढत गेला. त्याच कंपनीला १८८६ साली हिंदुस्थान सरकारने हजच्या प्रवासाची व्यवस्था सोपवली होती. आगगाडी आणि जहाज मिळून एकच तिकीट, मुंबई बंदरातून. १८९३ पर्यंत तो प्रयोग चालला.

मराठी माणसाने हीच कल्पना आपल्या पद्धतीने घडवली, ती यात्रा कंपन्यांच्या रूपात. नाशिकची चौधरी यात्रा कंपनी हे त्यातलं घराघरांत माहीत असलेलं नाव. काशी, प्रयाग, गया, रामेश्वर, चारधाम. आधी रक्कम ठरायची. त्यात गाडी, धर्मशाळा, दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता. रेल्वेची अख्खी बोगी लावून घेतलेली असे. ठिकाण आलं की बोगी गाडीपासून सोडवून यार्डात उभी करत. कंपनीचे आचारी, शेगड्या, पातेली, पिठाचे डबे बरोबरच. लोक दर्शनाला गेले की मागे कणीक मळली जाई.

माझी मोठी आत्या सिन्नरला दिलेली. एकत्र कुटुंबात तिची हयात चुलीपुढे गेली. साठी उलटल्यावर मुलांनी तिला अशाच एका कंपनीबरोबर काशीला पाठवलं. परत आल्यावर आम्ही सगळ्याजणी तिच्याभोवती बसलो. काशी कशी होती, गंगेचा घाट कसा होता, विचारत होतो. ती म्हणाली, "अगं, घाट चांगलाच होता. पण संध्याकाळी परत यावं, पाय धुवावेत, आणि कुणीतरी म्हणावं, आजी, बसा, ताट वाढलंय. गरम पोळी, वरण-भात, एक दिवस शिरासुद्धा. माझं लग्न झाल्यापासून आयतं ताट पुढे आलं ते तिथे." एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले.

एकाच रकमेत सगळं मिळण्याची खरी किंमत मला आत्याच्या त्या बोलण्यात दिसते. यात्रा कंपन्यांनी महाराष्ट्रातल्या हजारो बायकांना घराबाहेर काढलं. त्यात विधवा होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या होत्या, ज्यांना स्वतःहून तिकीटही काढता आलं नसतं अशा होत्या. किती खर्च होणार हे आधी ठरलेलं असल्यामुळे घरातले पुरुष हो म्हणत. आपलंच जेवण मिळणार म्हणून त्या स्वतः तयार होत. पुढे १९८४ साली केसरी पाटील यांनी केसरी टूर्स काढली, आणखी कितीतरी मराठी कंपन्या निघाल्या, आणि परदेशात पिठलं-भात वाढणारा आचारी ही मराठी सहलीची ओळख झाली. त्यामागची गरज यात्रेच्या बोगीतलीच होती.

नाशिकच्या आसपास सुट्टीची आणखी एक जुनी रीत होती, देवळालीची हवापालट. मुंबईच्या पारशी, गुजराती, कच्छी मंडळींच्या विश्वस्त संस्थांनी तिथे सॅनिटोरियमं बांधली. खोल्या, भांडीकुंडी, खाटा तयार. महिनाभर राहायचं, सकाळी दूधवाला दारात, भाजी बाजारातून. आजारातून उठलेली माणसं कोरड्या हवेत हिंडून फिरून सुधारून परत जात. त्यांच्या पैशावर देवळालीचा अख्खा बाजार उभा राहिला.

आजच्या रिसॉर्टची जन्मकथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० साली, बेल्जियमच्या जेरार ब्लिट्झने भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेदितेराने'ची पहिली वसाहत मांडली. राहणं, खाणं, पोहणं, खेळ एकाच रकमेत. पुढे तिथे वरखर्चाला नाण्यांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालू लागले, म्हणजे सुट्टीत पाकिटाला हातच लावायला नको. युद्धाने थकलेल्या नोकरदार माणसाला रोजच्या पै-पैच्या हिशेबातून सुटका हवी होती, ती त्याला मिळाली. हा नमुना जगभर पसरला. पण त्यासोबत कुंपणही पसरलं. पैसे आधीच भरलेला पाहुणा बाहेर जेवला तर त्याचं जेवण फुकट जातं, म्हणून तो बाहेर पडत नाही. गावातला हॉटेलवाला, टांगेवाला, भांडीवाला त्याला दिसत नाही. आणि रक्कम आधीच हाती आलेली असल्यामुळे पाहुण्यावर जितका कमी खर्च होईल तितका मालकाचा फायदा. आमच्या वाड्यातल्या व्यवहाराच्या हे बरोब्बर उलट आहे.

जुन्या व्यवस्थेत यात्रेकरूचा पैसा गावभर फिरत असे. आजोबा त्याला स्वतः भांडीबाजारात नेत. तांबटांकडून तांब्याचा गडू घ्यायचा, त्यात गोदावरीचं पाणी भरून झाळायचं, गावी नेऊन पूजायचं. मग सराफ बाजार, पेठेतली दुकानं, चिवडा, प्रसादाचे पेढे. न्हावी, फुलवाले, टांगेवाले, तांबट, हलवाई, सगळ्यांच्या चुली एका मुक्कामावर पेटत.

म्हणून फोन करणाऱ्यांना मी आता असं सांगते. तुमच्या घरात जी व्यक्ती रोज रांधते, म्हाताऱ्यांची औषधं बघते, मुलांचे डबे भरते, तिला दोन दिवस खरोखर काही न करता बसायचं असेल, तर रिसॉर्टला जा आणि पैशाकडे बघू नका. आजी-आजोबा, तान्हं मूल, सगळा गोतावळा एकत्र आणायचा असेल तरीही जा. अशा वेळी सगळं एकात घेणं नक्की परवडतं. मात्र नाशिक बघायचं असेल तर तिन्ही जेवणांची रक्कम भरू नका. त्र्यंबकेश्वरला पहाटे निघालात तर दर्शनाच्या रांगेतून सुटेपर्यंत रिसॉर्टचा नाश्ता संपलेला असतो, ब्रह्मगिरी चढलात तर दुपारचं जेवणही गेलं. खोली आणि सकाळचा नाश्ता एवढंच घ्या. मखमलाबाद रस्त्याला शेतात बसून चुलीवरची मिसळ खा, दुपारी पंचवटीत या, संध्याकाळी रामकुंडावर आरतीला थांबा. आणि आरक्षणाआधी विचारा, की किमतीत कर धरला आहे का, मुलांचे पैसे निराळे आहेत का, नेण्या-आणण्याची गाडी आहे का. आपल्याकडे सगळं मिळून म्हणून सांगितलेल्या किमतीतून निम्म्या गोष्टी वगळलेल्या असतात.

आपल्याच जिल्ह्यात तिसरी तऱ्हाही आहे, तीही मी सांगते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेली विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस राहणं, जेवण, शिकवणं, कशाचंही शुल्क नाही. शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं, आणि ते पुढे येणाऱ्यासाठी. तिथे जात विचारत नाहीत, निघताना घासाघीस नाही. आमच्या वाड्याला जे दोन दोष होते ते दोन्ही तिथे टाळलेले आहेत.

आता २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आला आहे. तंबूंची शहरं उभी राहतील, मुक्काम-भोजन-स्नान मिळून रकमा जाहीर होतील, आमच्या भागातली मुलंही त्या धंद्यात उतरली आहेत. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे: किंमत आधी ठरवा आणि ती पुरती सांगा, कारण निघताना अडवून घेतलेल्या दक्षिणेने आपल्या वाडवडिलांचं नाव खराब झालं. दार सगळ्यांना उघडं ठेवा. आणि त्याच रकमेत पाहुण्याला अर्धा दिवस गावात फिरवून आणा, तांबटाच्या दुकानात न्या, काळारामाच्या दारात उभं करून १९३० साली इथे काय घडलं ते सांगा. मुक्काम-जेवण कुठल्याही गावात विकत मिळेल. नाशिक मात्र त्याला नाशिककरानेच दाखवायला हवं.